त्वचा : ठीक

वसमत,
रविवार, दुपार

प्रिय रवी,

काल संघमित्राचा फोन आला. तुझी बायको रडणाऱ्यातली नाही. ती नुसती म्हणाली, "अक्का, ह्यांनी पिशवी भरू दिली न्हाई." तेवढ्यावरून मला कळलं. मंगळवारी नांदेडला आमच्या दवाखान्यात भरती व्हायचं आणि गुरुवारी ऑपरेशन, हे सगळं ठरलेलं असताना तू जायचं नाही असं ठरवून बसला आहेस. वर तिला सांगितलंस म्हणे, की मंगळवारी सेनगावच्या दोन फेऱ्या आहेत, लग्नाचं वऱ्हाड आहे, जीप दुसऱ्याच्या हाती देणार नाही. रवी, तुझ्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या आहेत आणि त्यातली एक अगदी मुळाशी. आमच्या सर्जन सरांनी तुझ्या ॲन्जिओग्राफीची सीडी पाहिली तेव्हा मी शेजारी उभी होते. सर फार बोलत नाहीत. त्यांनी सीडी दोनदा मागे-पुढे केली आणि म्हणाले, "सिस्टर, भावाला गाडी चालवू देऊ नका." एवढं एकच वाक्य. वीस वर्षं मी त्यांच्यासोबत काम करते, त्यांच्या एका वाक्याचा अर्थ मला कळतो.

फोनवर तू "व्हय अक्का, बराबर हाय" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला तसं करता येत नाही, म्हणून लिहिते आहे. तुझी आकांक्षा कालपासून माझ्याकडेच आहे. दुपारच्या गाडीने परत निघेल, तिच्याच हाती हे देते. पाकीट चिकटवलेलं आहे, तिने वाचलेलं नाही. पोरगी चांगली उंच झाली रे. सकाळी मला भाकरी थापून दिल्या, चार केल्या, चारही वेगवेगळ्या आकाराच्या. तिला नर्सिंगचा फॉर्म भरायचा आहे आणि तुला सांगायला ती भिते. मी सांगितलं असं म्हणू नको.

तुझी तब्येत कशी आहे हे मला तुझ्याकडून नाही, इतरांकडून कळतं. विहाराच्या सात पायऱ्या चढताना तू मध्येच चपलेचा अंगठा नीट करायला वाकतोस, हे माय सांगते. ती पण साधी नाही. म्हणाली, "चपलेचा अंगठा येवढा कसा गं बिघडतो रोज?" मी तिला म्हटलं, माय, तू तरी त्याला समजाव. तर म्हणते, "एक माणूस धाडला म्या तिथं, त्यो माघारी आला न्हाई. तू म्हणतीस ते बराबर असंल, तू शिकलेली हायस. पण त्याच्या डोक्यात काय बसलंय ते तू काढ, माझ्यानं न्हाई निघत." आपली माय चतुराबाई नुसती नावाची चतुर नाही. तुझ्या डोक्यात काहीतरी बसलं आहे हे तिने ओळखलं. काय बसलं आहे, ते तिला माहीत नाही. मला माहीत आहे. त्याच्याकडे येतेच, पण मला जरा वळणावळणाने येऊ दे.

बाबांच्या ह्याच ऑपरेशनला बारा वर्षं झाली. मला त्या दिवसांतलं सगळ्यात आधी काय आठवतं सांगू? त्यांचं हसणं. भरती झाल्यावर साखरेची सुई द्यायला एक नवी सिस्टर आली होती, तिने दंडाला स्पिरिटचा बोळा फिरवला. बाबांनी नाक वर केलं आणि म्हणाले, "पोरी, ही तर दारूच हाय की! जन्मात शिवलो न्हाई मी, अन् तू डायरेक दंडाला पाजून राहिली?" अख्खा वॉर्ड हसला. ती पोरगी बिचारी गोंधळली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आपल्या गोरेगावात सांगू नको बरं माय. कोंडीबानं पंचशील मोडलं म्हणतील." दर पौर्णिमेला विहारात वंदना सांगणारा माणूस, त्याच्या दंडाला दारूचा वास! पुढचे दोन दिवस जो भेटायला येईल त्याला ते दंड हुंगायला लावत होते.

ऑपरेशन चांगलं झालं होतं. हे मी आजही खात्रीने सांगते. हृदयाला काही झालं नव्हतं. आठव्या दिवशी जखमेच्या खालच्या टोकाला ओल दिसली. मग ताप. मग छातीचं हाड पुन्हा उघडावं लागलं. जंतू आत हाडापर्यंत गेले होते. एक्केचाळिसाव्या दिवशी बाबा गेले. त्या एक्केचाळीस दिवसांत तू एकदाही घरी गेला नाहीस. मी ड्यूटीच्या कपड्यात यायचे-जायचे, तू मात्र दवाखान्याच्या जिन्याखालच्या फरशीवर राहिलास. त्यानंतर बारा वर्षांत तू मला घ्यायला नांदेडला कितीदा आलास, पण दवाखान्याच्या फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलं नाहीस. हॉर्न वाजवायचास, आणि मी बाहेर यायचे.

आता माझ्या कामाबद्दल सांगते, कारण ते तुला कधी सांगितलंच नाही. तू विचारलं नाहीस आणि मीही टाळलं. पेशंट टेबलावर झोपी गेला, की त्याची छाती आणि पाय औषधाने पुसून काढायचे, हे काम माझ्या देखरेखीखाली होतं. हनुवटीपासून घोट्यापर्यंत, कारण पायातली रक्ताची नळी काढून हृदयाला जोडतात. पूर्वी आम्ही पाण्यातलं तपकिरी औषध लावायचो. आता जे लावतो त्यात अल्कोहोल असतं. बाबांच्या भाषेत दारूच. ते लागताच जंतू पटापट मरतात, आणि त्यात मिसळलेलं दुसरं औषध कातडीवर टिकून राखण करत राहतं. तसल्या औषधांत दोन जाती आहेत, एक गुलाबी, एक आयोडीनची. त्यात कोणती सरस यावर मोठमोठ्या ठिकाणी हजारो पेशंटांवर अभ्यास झाले. सर म्हणतात, हृदयाच्या ऑपरेशनात दोघींत फारसा फरक निघाला नाही. मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, बाटली कोणती हे नंतर, आधी थांबायला शिका. कारण ते औषध लावल्यावर वाळावं लागतं. पूर्ण तीन मिनिटं. वाळतानाच त्याचं खरं काम होतं. फुंकायचं नाही, टिपायचं नाही, पंखा मारायचा नाही. आणि ओलं असताना वर कापड टाकून विजेची सुई चालवली, तर आतल्या वाफेने पेट घ्यायची भीती असते. पाठीखाली, काखेत ओघळ साचला असेल तर ती चादर बदलायची, मग पुढचं.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण थिएटरमध्ये तीन मिनिटं म्हणजे काय, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पेशंट झोपलेला, भूलवाले डॉक्टर घड्याळाकडे बघणारे, बाहेर दुसरा पेशंट वाट बघतोय, आणि सगळे हातमोजे घालून हात वर करून उभे. कोणालाही वाटतं, झालं की, लावलं की, चला. सुरुवातीला मी "सर, ओलं आहे" म्हटलं, की सर भुवई उंचावायचे. एकदा फार घाईत होते, म्हणाले, "सिस्टर, तुमचं वाळेपर्यंत पेशंट म्हातारा होईल." मी म्हटलं, "होऊ द्या सर. म्हातारा होऊनच घरी जाऊ द्या त्याला." मला वाटलं आता माझी बदली वॉर्डात. सर मास्कच्या आत हसले ते मला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. तेव्हापासून मला तिथे तीन मिनिटवाल्या बाई म्हणतात. नवे डॉक्टर आले की त्यांना आधीच ताकीद मिळते, बाईंच्या घड्याळाआधी हात लावायचा नाही. गेल्या दोन वर्षांत आमच्या टेबलावरून गेलेल्या एकाच पेशंटचं हाड पुन्हा उघडावं लागलं, आणि तोही बरा होऊन घरी गेला. एकही नाही असं मी तुला खोटं सांगणार नाही. पण मला माझं काम येतं, रवी. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. तुला माझ्या हातांवर भरवसा ठेवायचा आहे, तर ते हात काय करतात हे तुला कळायला हवं.

तू आलास तर असं होईल. मंगळवारी साखर तपासतील, तुझी वर असतेच, ती खाली आणतील आणि तोवर सुरी हातात घेणार नाहीत. बुधवारी संध्याकाळी आणि गुरुवारी सकाळी औषधी साबणाने अंघोळ. गुरुवारी सकाळी गुलाबसिंगमामा येतील. ते आमच्याकडचे सगळ्यात जुने वॉर्डबॉय, मिशा पांढऱ्या झाल्या तरी सगळे त्यांना वॉर्डबॉयच म्हणतात. त्यांच्याकडे केस कापायचं मशीन असतं, त्याचं पातं कातडीला लागत नाही. केस बारीक होतात, साफ होत नाहीत, आणि तेवढंच हवं असतं. ते गप्पा मारतील, तुझी जीप कोणत्या मॉडेलची, ॲव्हरेज किती, सगळं विचारतील. तू उत्तरं दे, तेवढाच वेळ जातो. मग थिएटर. थंडी वाजेल, त्याने घाबरू नको. त्यानंतरचं तुला काही कळणार नाही. जागा होशील तेव्हा तोंडात नळी असेल, बोलता येणार नाही. संघमित्रा म्हणेल, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा शांत बसले. घरी आल्यावर खोकताना छातीशी उशी धरायची. माय जखमेवर हळद लावायला येईल, तिचा हात धरायचा. शेजारीपाजारी तेल सांगतील, राख सांगतील, सगळ्यांना माझं नाव सांगायचं आणि दारातून परत पाठवायचं.

आणि छातीला वस्तरा लावायचा नाही. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला, आणि ते वाचताना तूही थांबला असशील. आता त्या वळणावर आलोच.

मागच्या महिन्यात मी गोरेगावला आले होते, तेव्हा बाजारात ग्यानबा भेटला. आता सलूनमध्ये त्याचा पुतण्या बसतो, ग्यानबा नुसता बाकावर बसून पेपर वाचतो, हात कापतात त्याचे. मला हाक मारून बसवलं, चहा सांगितला. मग म्हणाला, "अक्का, येक इचारू का? रवी काहून येत न्हाई माझ्याकडं? बारा वर्सं झाली. लहानपणी त्याचं जावळ म्या काढलं. आता केस कापायला सेनगावला जातो म्हणं. रस्त्यात जीप दिसली तर म्या हात करतो, त्यो तिकडं बघतो. काय चुकलं का माझं?" मी त्याला सांगितलं, काही चुकलं नाही, तो कामात असतो. ग्यानबा म्हणाला, "कामात माणूस बारा वर्सं असतो व्हय?" चहा तसाच ठेवून उठले.

बाबांना नांदेडला न्यायचं त्या दिवशी सकाळी तू त्यांना ग्यानबाच्या दुकानात नेलंस. दाढी केली, आणि छाती वस्तऱ्याने साफ करून घेतली. वरून तुरटी फिरवली, पावडर लावली. माझ्यासमोर आणलंस तेव्हा बाबा नवरदेवासारखे दिसत होते आणि तू म्हणालास, "अक्का, बघ, सगळं क्लीन करून आणलंय. तुमच्या लोकायला कामच ठेवलं न्हाई." किती खूश होतास तू. पुढे ती जखम पिकली, ड्रेसिंगच्या खोलीत त्या तरुण डॉक्टरने सहज विचारलं, "घरी कोणी शेव्ह केली होती का छातीची? वस्तऱ्याने बारीक चिरा पडतात, त्यात जंतू घर करतात." तू दारात थर्मास घेऊन उभा होतास. तू थर्मास खाली ठेवलास आणि बाहेर गेलास. त्या दिवसापासून तू ग्यानबाकडे पाहिलं नाहीस. आपण दोघं त्यावर कधीच बोललो नाही. आणि आता तुझ्या छातीवर पाळी आली तर तू मनात म्हणतोस, ज्या टेबलावर माझ्यामुळे बाप गेला त्या टेबलावर मी कोणत्या तोंडाने झोपू. हेच ना? तू कोणाला बोलला नाहीस, पण मी तुझी थोरली बहीण आहे. तू सात वर्षांचा असताना काच फोडून दिवसभर जेवला नव्हतास, तेव्हाही कोणी तुला काही म्हटलं नव्हतं.

मी हे पत्र तुला धीर द्यायला लिहीत नाही, रवी. मी ते एका गोष्टीसाठी लिहिते आहे जी मी बारा वर्षं कोणाला सांगितली नाही. तुला फोनवर "ऑपरेशनआधी छातीचे केस काढावे लागतात" असं सांगणारी मीच होते. कोणी काढायचे, कशाने काढायचे, हे मी सांगितलं नाही, कारण मला वाटलं हे काय सांगायचं. आणि भरतीच्या दिवशी बाबांचा सदरा मीच काढला होता. त्यांच्या छातीवर चार चिरा होत्या. दोन अगदी डाव्या हाताला, एक बरोबर मध्यभागी, जिथून सुरी जाणार तिथेच, आणि तिच्या कडेला लाल झालं होतं. मला नियम माहीत होता. सरांना सांगायचं, आणि सर ऑपरेशन आठ-दहा दिवस पुढे ढकलतील. ती तारीख दीड महिन्याने मिळाली होती. बाबांना रोज छातीत दुखत होतं. मला वाटलं, एकदा घरी परत गेले तर ते पुन्हा येणार नाहीत, आणि तिथेच काहीतरी होऊन बसेल. फॉर्मवर 'त्वचा' या शब्दापुढे मी 'ठीक' लिहिलं आणि सही केली. त्या चिरांमुळेच सगळं झालं असं कोणी शपथेवर सांगू शकणार नाही, बाबांची साखरही तीनशेच्या वर होती. पण ज्याला माहीत नव्हतं तो तू होतास, ग्यानबा होता. जिला माहीत होतं ती मी होते. मी तुला बारा वर्षं ते ओझं वाहू दिलं, कारण मला स्वतःचं उचलायचं नव्हतं. आता तू त्या ओझ्यापायी जीव द्यायला निघाला आहेस, आणि ते ओझं तुझं नाहीच. मी काल सरांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, गुरुवारी टेबलाजवळ तुम्ही असावं की नाही हे भावाला ठरवू द्या. म्हणून तूच ठरव. मी नको असेन तर देवश्री तयारी करेल. माझ्याच हाताखाली शिकलेली आहे आणि माझ्याहून कडक आहे. मी बाहेर संघमित्राजवळ बसेन, आणि तीही जागा मला द्यावीशी वाटली नाही तर मी वसमतलाच राहीन. माझ्यावर राग आला असेल तर तो खुशाल घेऊन ये, आत सोडताना कोणी काढून ठेवायला सांगत नाही. फक्त मंगळवारी ये. तो राग तू माझ्यावर पुढची वीस-पंचवीस वर्षं काढशील, इतकी वर्षं तुला मिळणार आहेत, हे मी आज पूर्ण शुद्धीत आणि खरं लिहिते आहे.

तुझीच,
अक्का